तारेवाल्या ट्रकाचा जीर्णोद्धार

जुनी मोटार म्हटली की डोळ्यांसमोर येतात त्या रॅलीत मिरवणाऱ्या संस्थानिकांच्या गाड्या. देशाचे सिमेंट, साखर आणि कांदा वाहणारे ट्रक मात्र बहुतेक भंगारात गेले. ट्रक हे कमाईचे वाहन. कमाई थांबली की तो किलोच्या भावाने विकला जातो. त्यामुळेच टाटा-मर्सिडीज-बेंझचा जुना ट्रक आज धडधाकट सापडणे दुर्मिळ झाले आहे.

टेल्को आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांच्यातील सहकार्याला १९५४ मध्ये सुरुवात झाली आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून हे ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये ते सहकार्य संपले; जाळीवरचा तारा गेला आणि तेथे ‘टी’ हे अक्षर आले. हौशी ग्राहक म्हणूनच आधी तारा शोधतो. पण तारा दहा मिनिटांत बसवता येतो! पाहायची ती चासी. तिच्यावर ठोकलेला क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. क्षमतेपेक्षा अधिक माल वाहून पाट्यांच्या आधाराजवळ चासीला तडे जातात, ते वेल्डिंगने बुजवलेले असतात आणि वर रंगाचे थर चढलेले असतात. तेथे खरवडून पाहण्यास विक्रेता नाही म्हणाला, तर सौदा तेथेच सोडावा.

खरा पेच पुढे आहे. गाडी ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे नेमके काय? हौशी मंडळी जर्मन माहितीपत्रके समोर ठेवून केबिन घडवतात. वस्तुतः आपल्याकडे मालक बहुधा इंजिन आणि बॉनेटसह नुसती चासी घेत असे. केबिन व हौदा गावोगावचे सुतार आणि पत्राकाम करणारे कारागीर बांधत. लाकडी सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा, फाळक्यावर पेंटरची वेलबुट्टी हेच त्या ट्रकाचे मूळ रूप. जर्मन केबिन चढवलेला ट्रक देखणा दिसेल, पण तो या रस्त्यांवर कधी धावलाच नव्हता. म्हणून जुना रंग सरसकट जाळू नये. पॉलिशपेपरने एकेक थर उतरवावा. खाली पूर्वीच्या मालकाचे नाव, गावाचे नाव सापडू शकते. प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे. कुजलेले लाकूडही फेकण्यापूर्वी मापासाठी जपून ठेवावे.

इंजिनाची धास्ती त्या मानाने कमी. सुरुवातीच्या एल-३१२ मध्ये सुमारे साडेचार लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन असे. तयार भाग न मिळाल्यास चांगला लेथवाला बरेच काही घडवून देतो. डिझेल पंप मात्र कोणाच्याही हाती देऊ नये. तो टेस्ट बेंचवर लावूनच जुळवला पाहिजे.

शेवटी कागदपत्रे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत व्यापारी वापराला मनाई आहे आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. हे नियम दुचाकी व चारचाकी वाहने डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. मागे जोडचाके आणि नव्याने बांधलेली केबिन असलेला ट्रक त्यांत कसा बसवणार, याचे उत्तर आरटीओतून लेखी घ्यावे आणि मगच विसार द्यावा.