दोघांचा एक अल्बम: डिवाईन, करण औजला आणि 'स्ट्रीट ड्रीम्स'

ज्यांचा डेटा संपला, किंवा तुमसरच्या गाडीत गर्दीमुळे नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. प्रश्न तुमच्यातूनच आला होता. दोन कलाकार मिळून अख्खा अल्बम काढतात, म्हणजे नेमकं काय करतात?

गाण्याच्या नावापुढे 'फीट.' दिसलं की समजायचं, तो पाहुणा. आला, सोळा बार म्हटले, चहा घेतला, गेला. जोडीच्या अल्बममध्ये दोघंही घरमालक असतात. बीट कोणतं, कोण आधी सुरू करणार, कोणतं गाणं गाळायचं, सगळं दोघांनी मिळून ठरवायचं. आणि नाव कोणाचं पहिलं? भांडण बहुतेक वेळा इथंच होते, भाऊ.

आपल्या महाराष्ट्रात जोडी म्हटलं की आधी डिवाईन आणि नेझी आठवतात. एक अंधेरीच्या जे. बी. नगरचा, दुसरा कुर्ल्याचा. २०१५ साली 'मेरे गली में' आलं, बीट दिल्लीच्या 'सेझ ऑन द बीट'चं. पुढे २०१९ च्या 'गली बॉय' सिनेमाला या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा मिळाली. पण ते एक गाणं होतं, अल्बम नव्हे.

डिवाईननं जोडीचा अल्बम केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, पंजाबी गायक करण औजलासोबत. नाव 'स्ट्रीट ड्रीम्स', गाणी जेमतेम सात. (याच नावाचं एक गाणं न्यूयॉर्कच्या नासचं आहे, १९९६ चं. आणि नासच्या 'मास अपील'ची भारतातली शाखा २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिला करार डिवाईनचाच होता.)

ही जोडी वरून पाहिली तर विचित्र वाटते. डिवाईनचा आवाज जड, शब्द तोडून तोडून मारलेले, भाषा मुंबईची हिंदी. औजला सुरात गातो, त्याचा हुक एकदा कानात बसला की निघत नाही, आणि भाषा ठेठ पंजाबी. पण आतून पाहा. डिवाईन आजीजवळ वाढला. औजलाचे आईवडील तो लहान असतानाच गेले, मग पोरगा पंजाबच्या घुराळा गावातून कॅनडात पोचला. त्यामुळे पैशाच्या बढाईमागेही दोघांचं काहीतरी सारखं दुखतं, असं मला वाटतं.

लोकांनी कसं घेतलं? '१०० मिलियन' हे गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. अल्बमनंतर सव्वाएक महिन्यात औजलाला कॅनडाचा जुनो फॅन चॉइस पुरस्कार मिळाला, आणि जुलैत 'तौबा तौबा' आलं तेव्हा तर तो आपल्याकडच्या वरातीतही पोचला. आमच्या ग्रुपवर मात्र दोन तट पडले. एक म्हणे, "आता हा गल्लीचा राहिला नाही." दुसरा म्हणे, "काहून? गल्लीतल्या माणसानं गाडी घेऊ नये का?"

माझं मत सांगतो. सात गाण्यांत दोघं एकमेकांना पुरते भिडत नाहीत. काही ठिकाणी औजलाचा हुक, मग डिवाईनचा व्हर्स, परत हुक, असं ठरलेलं चालते. तिथं पुन्हा पाहुणचारच वाटतो. जिथं एकाचा सूर दुसऱ्याच्या शब्दावर चढतो, तिथं अल्बम खरा होतो.

तुलनेला अमेरिकेची 'ब्लॅक स्टार' जोडी घ्या. मॉस डेफ आणि तालिब क्वेली यांचा पहिला अल्बम १९९८ चा, दुसरा थेट २०२२ चा. चोवीस वर्षं! आणि तो दुसरा आधी आला कुठे, तर 'ल्युमिनरी' नावाच्या पॉडकास्ट ॲपवर. गाण्याच्या ॲपवर शोधणारे वैतागले. पण आपण पॉडकास्टवाले, आपल्याला थोडा आनंद झाला.

मराठीत २०२४ मध्येच क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' परदेशी लेबलवरून गाजलं. तेही एकच गाणं. जोडीनं अख्खा अल्बम टिकवणं वेगळं काम आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की सिहोऱ्यातही दोन पोरं सध्या याच कामात आहेत. एक झाडीबोलीत लिहितो, दुसरा मोबाइलवर बीट बांधतो. पाच गाणी झाली आणि बोलणं बंद झालं. बीटवाला म्हणे, माझ्याविना तू नुसता बोलणारा. लिहिणारा म्हणे, माझ्याविना ते नुसतं धाडधाड.

दोघांनाही मी एकच गोष्ट समजावली. एका गाण्यात शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग असे तीन वेगवेगळे हक्क असतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर शब्द लिहिणारा आणि संगीत करणारा यांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. तो वारसाला किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पण दोघांत किती-किती, हे दोघांनीच साध्या कागदावर लिहून सह्या करायच्या, आणि अपलोडच्या आधी. आणखी एक, 'फ्री बीट' म्हणून उचललेलं बीट कमाईसाठी फुकट असेलच असं नाही. त्याच्या अटी वाचा.

परवा दोघं चांदपूर तलावाकडे एकाच गाडीवर जाताना दिसले. कागद झाला म्हणतात, अर्धा-अर्धा. नाव कोणाचं पहिलं यावर अजून वाद चालू आहे.