थिसियसचं शीड

थिसियस हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना ‘शिप ऑफ थिसियस’ या आनंद गांधींच्या सिनेमामुळे (२०१३) माहीत आहे. जहाजाची एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का, हा तो प्रसिद्ध प्रश्न. मला मात्र फळ्यांपेक्षा शिडाची गोष्ट जास्त लागली.

ग्रीक दंतकथा सांगते, की क्रीटचा राजा मिनॉस अथेन्सकडून खंडणी म्हणून ७ मुलगे आणि ७ मुली घ्यायचा आणि त्यांना भुलभुलैयात सोडायचा. तो बांधला होता डेडॅलसने, म्हणजे त्या काळचा आपलाच जातभाई! आत मिनोटॉर राक्षस, धड माणसाचं, डोकं बैलाचं. अथेन्सचा राजपुत्र थिसियस आपणहून त्या १४ जणांत गेला. मिनॉसच्या मुलीने, अरिआडनीने, त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. टोक दाराशी बांधायचं, गुंडा सोडत आत जायचं, दोरा धरून परत यायचं. राक्षस मेला, सगळे सुटले.

पण निघताना जहाजाला काळं शीड होतं. ‘जिवंत आलास तर पांढरं लाव,’ असं वडिलांनी, एजियस राजाने बजावलं होतं. थिसियस विसरला. लांबून काळं शीड दिसलं आणि म्हाताऱ्याने उडी घेतली. एजियन समुद्राचं नाव त्याच्यावरूनच पडलं, असं कथा सांगते. थिसियस राजा झाला तो असा.

आता बघा, अवघड कामात त्याने डोक्यावर भरवसा ठेवला नाही, दोरा वापरला. सोपं काम मात्र ‘लक्षात राहील’ म्हणून सोडून दिलं. शिवाय सिग्नलच असा, की काहीच केलं नाही तर त्याचा अर्थ ‘मेला’!

मागच्या सेमला रात्रीच्या एसटीने होस्टेलवर आलो. ‘पोचलास की फोन कर,’ पप्पा म्हणाले होते. मोबाइल बंद पडला होता, मी तसाच झोपलो. दुपारी फोन लावला तर आई रडत होती आणि पप्पा इकडे यायला गाडीत बसले होते.

तेव्हापासून उतरलो की स्टँडवरूनच फोन करतो. बॅग नंतर उचलतो.