ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द (भाग ९) : आत्मा मुळातच अमर आहे का?

आईच्या कबरेवरच्या दगडाचा मजकूर ठरवायचा होता. ती गेली ती इथे, गुरुग्रामला, माझ्या घरी. नगरला न्यायचं जमलं नाही, म्हणून इथल्याच ख्रिस्ती कबरस्तानात माती दिली. नाव ठरलं, तारखा ठरल्या, ‘जन्मगाव वडाळा’ हेही ठरलं आणि शेवटच्या ओळीवर सगळं घर अडलं. नगरचे मामा म्हणाले, “‘प्रभूजवळ गेली’ असं लिही.” पुण्याच्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, ॲडव्हेंटिस्ट मंडळीतले. त्यांचा लगेच फोन आला, “‘प्रभूमध्ये झोपली’ लिही, बाळा. जवळ आत्ता कुठली गेली? कर्णा वाजेल तेव्हा उठेल, मग जाईल.”

दगड कोरणारा कारागीर हिंदीभाषक. त्याने कागदावर नमुना काढून दाखवला : ‘वडाला’, ‘प्रभूजवल’. ळ त्याच्या छिन्नीखालून कधी गेलाच नव्हता. मी त्याच्या वहीत दोन गाठी शेजारीशेजारी काढून दाखवल्या. तो गिरवत बसला आणि मी त्याच्या शेडमधल्या बाकावर मामा आणि काका यांच्यामधलं अंतर मोजत बसलो. ओळ एकच, पण तिच्यामागे जवळजवळ दोन हजार वर्षांचा वाद आहे. माणसाचा आत्मा त्याच्या स्वतःच्या घडणीनेच अमर आहे, की अमरपण ही देवाकडून मिळायची गोष्ट आहे?

मराठी वाचकाला हा प्रश्नच चुकीचा वाटण्याचा संभव आहे. आत्मा म्हटला की तो अमर असणारच, नाहीतर त्याला आत्मा कशाला म्हणायचं? पण गीतेतल्या आत्म्याला मरण नाही, कारण त्याला जन्मच नाही. ख्रिस्ती आत्म्याला जन्म आहे. तो निर्माण केलेला आहे. एक दिवस तो नव्हता. शब्द तोच, पण त्याच्या पोटातला अर्थ पार वेगळा. पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर करताना वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले, ते अशाच अडचणींमुळे.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. मग माणूस ‘नेफेश’ होतो. या हिब्रू शब्दाला मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द ‘आत्मा’ नसून ‘जीव’ आहे. जीव घाबरतो, जीव लागतो, जीव जातो. तिथे माणसाला जीव दिला असं म्हटलेलं नाही, माणूस जिवंत जीव झाला असं म्हटलं आहे. पुढच्याच अध्यायात आज्ञाभंग झाल्यावर देव त्याला बागेबाहेर काढतो. कारण असं दिलं आहे की त्याने जीवनाच्या झाडाचं फळ खाऊन सदासर्वकाळ जगू नये. माणूस जात्याच अमर असता, तर त्या झाडाभोवती पहारा बसवण्याची गरज नव्हती. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर अमरत्व एकट्या देवाकडेच आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि दर रविवारी आम्ही उभं राहून म्हणतो त्या प्रेषितांच्या मतांगीकारात आत्म्याच्या अमरत्वाचा उल्लेखच नाही. तिथे आहे ते शरीराचं पुनरुत्थान. लहानपणापासून हजारदा म्हटलेल्या त्या ओळीकडे माझं लक्ष गेलं ते पन्नाशीनंतर.

मग आत्म्याचं अमरत्व आलं कुठून? बरंचसं ग्रीकांकडून, प्लेटोकडून. पण सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांनी प्लेटोला जसंच्या तसं घरात घेतलं नाही. दुसऱ्या शतकातला जस्टिन स्वतः आधी प्लेटोचा अनुयायी होता. समुद्राकाठी भेटलेल्या एका वृद्धाशी झालेला संवाद त्याने लिहून ठेवला आहे. वृद्धाचं म्हणणं थोडक्यात असं : आत्मा अजन्मा असेल तरच तो स्वभावतः अमर म्हणता येईल, तो निर्माण झालेला असेल, तर तो जगतो ते देवाची इच्छा आहे म्हणून. त्याच शतकातला अंत्युखियाचा थियोफिलस म्हणाला की माणूस ना मर्त्य घडवला गेला ना अमर, दोन्हीकडे जाऊ शकेल असा घडवला गेला. पुढे तर्तुल्यन, ऑगस्टीन यांच्या काळात तराजू अमरत्वाकडे झुकला आणि मग शतकानुशतकं झुकलेलाच राहिला.

या वादाची आपल्याकडची सगळ्यात खोल आवृत्ती काशीत घडली, तीही एका मराठी पंडिताच्या डोक्यात. नीलकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५, कोकणस्थ घराणं, वास्तव्य काशीला. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली, तेव्हा विशीतल्या गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचून त्याला संस्कृतातच उत्तर दिलं. त्यांचा एक मोठा आक्षेप नरकाच्या अनंतपणावर होता. मोजक्या वर्षांच्या आयुष्यात केलेल्या मोजक्या पापांना कधीच न संपणारी शिक्षा कशी? पुढे विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालता घालता त्यांचं मन फिरलं आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यामागे त्यांच्या लेखनाचा वाटा होता.

गोऱ्यांनी नंतर ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिलं. हे त्यांचं मूळ हिंदी पुस्तक १८६२ मध्ये इंग्रजीत आलं. त्यात न्यायदर्शनाशी त्यांचं भांडण नेमकं इथे आहे : आत्मे अनादी मानले, तर देव त्यांचा कर्ता उरत नाही, आधीपासून असलेल्या गोष्टींची मांडणी करणारा उरतो. त्यांना देव सर्वार्थाने कर्ता हवा होता, म्हणून आत्मा निर्मित मानणं भाग होतं. हे पाऊल उचलणं काशीत शिकलेल्या माणसाला किती जड गेलं असेल, ते न्यायाची तोंडओळख असलेल्यालाही कळेल. जे उत्पन्न होतं ते नाश पावतं, हा तिथला पाया. अनादी आणि अनंत ही जोडी. एकाला सोडलं की दुसरं हातातून निसटू पाहतं.

पण ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या मुलालाही ठाऊक असतं की आरंभ आहे पण अंत नाही, म्हणजे ‘सादि-अनंत’, असं न्यायात एक खातं आहे. आणि त्या खात्यात काय ठेवलंय? प्रध्वंसाभाव. घडा फुटला, फुटण्याच्या क्षणी त्याच्या नसण्याला सुरुवात झाली आणि ते नसणं आता कधीच संपणार नाही. ख्रिस्ती धर्म म्हणतो की त्या खात्यात एक भावरूप वस्तूही आहे. आरंभ असलेला आणि अंत नसलेला माणूस. स्वतःच्या बळावर तो तिथे राहू शकत नाही. त्याला कोणी तरी धरून ठेवावं लागतं.

घड्याचं हे उदाहरण काकांच्या बाजूनेही उभं राहतं, हे मला त्या बाकावर बसून कळलं. ॲडव्हेंटिस्ट आणि त्यांच्यासारखं मानणारे इतर लोक म्हणतात की अमरत्व सशर्त आहे : ख्रिस्तात ज्यांना ते मिळेल ते जगतील, उरलेले शेवटी नाहीसे होतील. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की देव नरकात शरीर आणि आत्मा दोन्हींचा नाश करू शकतो. नाश म्हणजे नाश, असं ते वाचतात. मग ‘सार्वकालिक शिक्षा’ या शब्दांचं काय? उत्तर असं की शिक्षा देत राहणं अनंत नाही, शिक्षेचा परिणाम अनंत आहे. फुटलेल्या घड्याचं नसणं. तरुण नीलकंठशास्त्र्यांच्या आक्षेपाला इतकं चपखल बसणारं उत्तर त्यांच्याच न्यायात पडून होतं. ख्रिस्ती झाल्यावर मात्र गोरे त्या वाटेने गेले नाहीत. अनंत शिक्षेच्या परंपरागत मताच्या समर्थनार्थ त्यांनी पुस्तिका लिहिली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिळभर कमी न होता मी म्हणेन की त्यांचा विशीतला प्रश्न त्यांच्या नंतरच्या उत्तरापेक्षा मोठा होता.

चर्चची मुख्य धारा काय म्हणते ते सांगायलाच हवं. १५१३ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने आत्मा मर्त्य मानणाऱ्यांचा निषेध केला, आणि कॅथलिक चर्च आजही आत्मा अमर आहे असंच शिकवतं. प्रॉटेस्टंटांत ल्यूथर मृत्यूला झोप म्हणायचा. काल्विनने आत्मा झोपतो या मताविरुद्ध तरुणपणीच अख्खं पुस्तक लिहिलं. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने काल्विनची री ओढली : आत्मे मरतही नाहीत, झोपतही नाहीत. मामांची ओळ तिथून आली. पौलालाही देह सोडून ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ होतीच. वधस्तंभावर येशू शेजारच्या चोराला ‘आज’ सुखलोकाचं वचन देतो, तेही मामांच्याच बाजूने. काका म्हणतील, मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, ‘आज’ हा शब्द ‘सांगतो’ला जोडून वाच.

पण अमरत्व मानणाऱ्यांचा अग्रणी थॉमस अक्वायनस काय म्हणतो, हे मामांनाही ठाऊक नसावं. आत्मा अविनाशी आहे हे तो मान्य करतो, पण देवाने आपला आधार काढून घेतला तर कुठलीही निर्मित वस्तू शून्यात जाईल, हेही बजावतो. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रावर भाष्य करताना सांगतो की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसता आत्मा वाचला तर मी वाचलो असं होत नाही. मला हे तर्काने पटतं तितकंच ममतेनेही पटतं. आईचे डाळिंबं सोलून सोलून काळे पडलेले अंगठे, पायऱ्या चढताना गुडघ्यावर ठेवलेला हात, या सगळ्याशिवाय आई कुठली? पुनरुत्थानावरचा विश्वास म्हणजे देव या अंगठ्यांनाही विसरणार नाही असा विश्वास. नुसत्या अमर आत्म्याच्या शिकवणीत त्यांना जागाच नाही.

आमची गुरुग्रामची मंडळी सिव्हिल लाइन्समधल्या चर्च ऑफ द एपिफनीत जमते. मूळ अँग्लिकन परंपरेचं चर्च. नगरचं आमचं घर अमेरिकन मराठी मिशनचं, काँग्रिगेशनल. या वेगवेगळ्या परंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आत्मा झोपतो की जागा असतो, यावर सगळ्यांचं एकमत व्हावं म्हणून कोणी थांबलं नाही. मतांगीकार तेवढा सगळ्यांचा सारखा होता.

मी बाकावरूनच दोघांना फोन लावला. “‘पुनरुत्थानाच्या आशेत’ एवढंच लिहितो,” म्हटलं. काका लगेच हो म्हणाले. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही. पण ती जवळच आहे हं.” ‘प्रभूजवळ’ गेल्यामुळे गिरवलेला ळ वाया गेला का, असं कारागिराने विचारलं. नाही, वडाळ्यात तो होताच. त्याने तो सगळ्यात शेवटी कोरला, फुंकर मारून गाठींतली भुकटी उडवली आणि ओल्या फडक्याने पुसून मला पाहायला बोलावलं.

(पुढच्या आठवड्यात : शुद्धिस्थान)