पडद्यामागचे दप्तर

संगणकाच्या पडद्यावर बोटाच्या हालचालीसरशी धावणारा लहानसा बाण आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो तेथे यावा म्हणून यंत्राच्या पोटात केवढा बंदोबस्त करावा लागतो, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो येतो बाण जागीच थिजला, किंवा पडदाच काळा राहिला, म्हणजे. युनिक्सच्या आणि पुढे लिनक्सच्या जगात हा बंदोबस्त ज्या व्यवस्थेकडे अनेक दशके राहिला, आणि असंख्य यंत्रांवर आजही आहे, तिचे नाव एक्स विंडो सिस्टीम. ही व्यवस्था २००७ साली आमच्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्याच्या शाळेपर्यंत जाऊन पोचली होती, आणि ती जिथे जन्मली तेथून तिथवरच्या प्रवासात एका माणसाचा हात दोन्ही टोकांना होता. म्हणून तिची हकिकत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली, विद्यार्थ्यांसाठी संस्थाभर संगणकांचे जाळे विणण्याचा ‘प्रोजेक्ट अथेना’ नामक उपक्रम चालू असताना, रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तिचा पाया घातला. स्टॅनफर्ड विद्यापीठात तत्पूर्वी ‘डब्ल्यू’ नावाची एक व्यवस्था होती. तिच्यापुढचे अक्षर हिच्या वाट्याला आले. सप्टेंबर १९८७ मध्ये हिची अकरावी आवृत्ती निघाली, आणि त्यानंतर पडदे बदलले, माऊसची जात बदलली, एका खोलीला पुरून उरणारी यंत्रे मांडीवर आली, तरी प्रोग्राम आणि पडदा यांच्यामधील संभाषणाचा जो करार त्या वर्षी ठरला तोच अकराव्या क्रमांकाने चालत राहिला.

तिची रचना प्रथमदर्शनी उफराटी वाटते. सर्व्हर म्हटले की दूर कोठेतरी, थंड खोलीत ठेवलेले मोठे यंत्र आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे मात्र सर्व्हर बसलेला असतो तो आपल्यासमोरच, पडदा, कळफलक आणि माऊस या तिघांचा मुखत्यार म्हणून, आणि लेखनाचे, हिशेबाचे, चित्रांचे सारे प्रोग्राम त्याच्या दारी अर्जदार म्हणून येतात. अर्जदार त्याच यंत्रातला असो की जाळ्याने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातला, रेघ ओढण्याची विनंती सर्व्हरकडेच करावी लागते; आणि माऊस हलला, की ती वार्ता प्रथम सर्व्हरला कळते, मग तो ती ज्या खिडकीची असेल तिच्या हवाली करतो. अधिकाराची ही वाटणी दुरुस्ती करणाऱ्याला मोठी उपकारक ठरते, कारण बिघाड मुखत्याराच्या बाजूचा की अर्जदाराचा, हा पहिला प्रश्न तिच्यामुळेच विचारता येतो.

घरगुती संगणकांसाठी ही व्यवस्था १९९२ पासून ‘एक्सफ्री८६’ या रूपाने मिळू लागली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या तेव्हा आपल्याकडील हौशी मंडळींची गाठ एका विलक्षण फाइलशी पडली. त्या फाइलीत आपल्या पडद्याची सारी कुळकथा आपणच लिहून द्यायची असे: आडवी वारंवारता किती किलोहर्ट्‌झ, उभी किती हर्ट्‌झ, चित्राचा मेळ कोणता, आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कोणता. नळीच्या जुन्या मॉनिटरला भलतीच वारंवारता दिली तर तो कायमचा निकामी होऊ शकतो, अशी गंभीर ताकीद मार्गदर्शक पुस्तिकांतून दिलेली असे, आणि म्हणून मॉनिटरच्या पाठीवरचा तपशील वाचून, कागदावर उतरून घेऊन, मगच पहिला हुकूम सोडण्याचा शिरस्ता होता. माऊसचीही तीच कथा. तो सीरियल आहे की पीएस-टू, कोणत्या बोलीत बोलतो, हे चुकले की बाण कोपऱ्यात उड्या मारी. चाकाचा माऊस आला तेव्हा चाकाची वरची फिरकी म्हणजे चौथे बटण आणि खालची म्हणजे पाचवे, अशी तजवीज करण्यात आली. आणि दोनच बटणांच्या माऊसवर दोन्ही एकदम दाबली की तिसरे दाबले असे समजण्यात येई. या लहान लहान तजविजींत मला फार मोठी माणुसकी दिसते, कारण ज्याच्यापाशी स्वस्तातले साधन आहे त्यालाही दारातून परत पाठवायचे नाही, असा कोणीतरी विचार केलेला आहे.

सर्व्हर उघडला की त्या काळी पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बारीक वीण उमटे, आणि मधोमध फुलीच्या आकाराचा दर्शक. दिसायला हे दृश्य रुक्ष होते. परंतु ज्ञात्याला त्यातून क्षणात निदान होई. वीण स्वच्छ दिसली, तर पडदा आणि ड्रायव्हर नीट. फुली हलली, तर माऊस नीट. आणि दोन्ही असून पुढे काही आले नाही, तर दोष अर्जदाराचा. पुढे नेत्रसुखासाठी ती वीण काढून आरंभीचा पडदा काळा ठेवण्यात आला आणि एखादा प्रोग्राम मागेपर्यंत दर्शकही लपवण्यात आला. सौंदर्याच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण त्यामुळे चालू असलेला सर्व्हर आणि मेलेला सर्व्हर नवख्याला सारखेच दिसू लागले, हे माझ्या मते नुकसान आहे. जुने दृश्य ज्यांना हवे त्यांच्यासाठी ‘रेट्रो’ नावाचा एक पर्याय ठेवलेला आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

या व्यवस्थेची खरी थोरवी मात्र तिच्या दप्तरात आहे. आरंभापासून काय काय घडले याची ओळीओळीने नोंद ती एका लॉग फाइलीत करते, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी कंसात एक खूण घालते. दोन आडव्या रेघा म्हणजे ही माहिती यंत्राला विचारून मिळवली. दोन तारका म्हणजे ती वापरणाऱ्याच्या फाइलीतून घेतली. दोन बरोबरची चिन्हे म्हणजे कोणी काही सांगितले नव्हते, म्हणून रूढ मूल्य धरले. दोन अधिक-चिन्हे म्हणजे ती हुकुमाच्या ओळीतून आली. ‘डब्ल्यू’ची जोडी म्हणजे इशारा, आणि ‘ई’ची जोडी म्हणजे चूक. रायगडातल्याच आमच्या उरण तालुक्यात नोंदीचे मोल कोणाला निराळे समजवावे लागत नाही. सिडकोसाठी येथील जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. तेव्हापासून फेरफाराच्या वहीत केवळ नाव पाहून भागत नाही, ते नाव वारसाने लागले की खरेदीखताने, हा आधार पाहावा लागतो, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. लॉगमधील खुणा हेच काम करतात. पडद्याची रुंदी १३६६ धरली एवढे सांगून ते दप्तर थांबत नाही. कोणाच्या सांगण्यावरून धरली, तेही सांगते.

पुढील इतिहास झपाट्याने घडला. परवान्याच्या अटींवरून मतभेद होऊन २००४ साली बहुतेक मंडळी एक्सऑर्ग या नव्या शाखेकडे गेली. पडदा स्वतःच आपली माहिती १२८ बाइटांच्या एका दाखल्यात सांगू लागला. २००९ पासून पडद्याची मांडणी करण्याचे काम हळूहळू लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, आपल्याकडे घेतले. आणि ती जुनी लिखित फाइल बहुतेक यंत्रांवरून नाहीशी झाली.

बिघाड मात्र नाहीसे झाले नाहीत. आमच्या उरणच्या द्रोणागिरी वसाहतीत जवळच्या बंदराशी संबंधित कचेऱ्यांतून निकालात निघालेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात, मुलांच्या अभ्यासासाठी घेतले जातात, आणि त्यांच्यावर लिनक्स चढवून देण्याचे काम शेजारधर्माने माझ्याकडे येते. खाडीची आणि समुद्राची दमट हवा येथे वर्षभर असते, आणि बोटाच्या विद्युत्-धारकतेवर चालणाऱ्या टचपॅडला ओलावा मुळीच मानवत नाही. म्हणून पहिला उपाय कोरड्या फडक्याचा. पडदा काळा असेल, तर यंत्र मेले असे समजून बटण दाबून धरण्याची घाई करू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबाव्या; अक्षरांचा साधा पडदा आला, तर काच, दिवा आणि गाभा शाबूत असून दोष वरच्या मजल्यावर आहे. तोही न आल्यास पुढच्या वेळी गाभ्याला ‘नोमोडसेट’ ही सूचना देऊन, म्हणजे पडद्याच्या मांडणीत हात घालू नकोस असे सांगून, यंत्र उघडावे, आणि लॉगमध्ये ‘ई’ची जोडी शोधावी. टचपॅडच्या बाबतीत गाभ्याला ते दिसते का, हे आधी पाहावे; दिसत असेल, तर एफएन कळेने ते कोणी बंद तर केले नाही ना, हे नंतर. हलक्या टिचकीने क्लिक होत नाही ही तक्रार सर्वांत अधिक येते, आणि ती बहुधा बिघाडाची नसते: लिबइनपुट या सध्याच्या व्यवस्थेत टिचकीचा क्लिक मुळातच बंद ठेवलेला असतो, सेटिंग्जमधून तो चालू करावा लागतो. हे सारे करताना मूल शेजारी बसलेले असावे, असा माझा आग्रह असतो. दुरुस्त यंत्र हाती देण्यापेक्षा दप्तर वाचायला शिकवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता त्या धनगरवाड्याकडे वळू. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. तथापि २००७ साली भारतातील तिचा पहिला प्रयोग कर्जतच्या बाजूला असलेल्या खैराट धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत, पहिली ते चौथीच्या एकत्र वर्गात सुरू झाला. त्या लॅपटॉपचे नाव एक्सओ. आत लिनक्स, वर एक्स, आणि त्याच्याही वर मुलांसाठी रचलेला ‘शुगर’ नावाचा मांडव. आणि त्या प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरची धुरा वाहत होते ते जिम गेटिस, १९८४ साली एक्सचा पाया घालणाऱ्या दोघांपैकी एक. आपली कृती तेवीस वर्षांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी, चार इयत्तांच्या एका खोलीत पोचावी, असे भाग्य फार थोड्या अभियंत्यांना लाभले असेल.

त्या यंत्राचा पडदा हा त्याचा अलंकार होता. मेरी लू जेप्सेन यांनी घडविलेला साडेसात इंचांचा हा पडदा, मागचा दिवा लावला की रंगीत दिसे आणि दिवा विझवून भर उन्हात नेला की १२०० गुणिले ९०० ठिपक्यांत काळा-पांढरा होऊन छापील पानासारखा वाचता येई. प्रोसेसर झोपी गेला तरी पडद्यावरचे चित्र टिकवून धरण्यासाठी एक स्वतंत्र चिप तैनात केलेली होती. यंत्र मुलांनी स्वतः उघडावे अशी अपेक्षा होती, आणि त्यासाठी जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले होते.

टचपॅड मात्र त्याचे मर्मस्थान ठरले. बोटासाठी मधला भाग आणि लेखणीसाठी संपूर्ण पट्टी, अशी दुहेरी रचना त्यात केली होती. ती आपले माप वारंवार स्वतःच घेई, आणि माप घेण्याच्या क्षणी बोट पट्टीवर असले की पुढचे सारे हिशेब चुकत. बाण पडद्यावर सैरावैरा धावे. उपाय असा, की पट्टीवरून हात उचलायचा, कळफलकाच्या चार कोपऱ्यांतील चार कळा एकदम दाबायच्या आणि पट्टीला नव्याने माप घ्यायला लावायचे. तो शिकवताना कोणत्याही भाषेचे शब्द लागत नाहीत, मुलाने मुलाला दाखवला तरी पुरतो. पुढील उत्पादनात ही दुहेरी पट्टी काढून साधी बसविण्यात आली.

या पट्टीसाठी २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात जो ड्रायव्हर दाखल झाला तो मी वाचला आहे, आणि वाचकांपैकी ज्यांना प्रोग्राम वाचता येतात त्यांनी तो अवश्य वाचावा. पट्टीवर काही नसताना ती एकाएकी संदेशांचा पूर का सोडते, याविषयी लिहिणाऱ्यांनी तेथेच, हुकुमांच्या शेजारी, कारण आपल्याला उमगलेले नाही असे स्वच्छ नमूद केले आहे; मग तो पूर कसा ओळखायचा आणि पट्टीला पुन्हा माप केव्हा घ्यायला लावायचे, याचे नियम दिले आहेत. विक्रीच्या जाहिरातीत अशी जबानी कोणी देत नाही. एक्सओच्या बाबतीत ती सार्वजनिक दप्तरात पडली, आणि म्हणून कोणालाही, खैराटच्या एखाद्या मुलालाही मोठेपणी, ती काढून वाचण्याचा अधिकार राहिला.

आज एक्सची जागा वेलँड घेत आहे. २००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या या नव्या करारात सर्व्हर आणि खिडक्यांचा व्यवस्थापक एकच झाले आहेत, आणि मुखत्यार व अर्जदार यांच्यामधील मोकळेपणा काहीसा आखडला आहे; शेजारच्या खिडकीतील कळा चोरून वाचण्याची वाट बंद झाली हा त्यातला मोठा लाभ. माऊस आणि टचपॅड यांचा कारभार दोन्हीकडे लिबइनपुटच पाहते, आणि नोंदीची परंपरा तेथे अधिक पुढे गेली आहे. त्यात ‘रेकॉर्ड’ नावाचा एक हुकूम आहे. तो चालू करून उरणच्या एखाद्या मुलीने आपल्या हट्टी टचपॅडवर बोट फिरवले, तर प्रत्येक स्पर्शाची जागा आणि वेळ एका साध्या फाइलीत उतरते. ती फाइल ऑस्ट्रेलियात बसून लिबइनपुट सांभाळणाऱ्या पीटर हटरर यांच्यासारख्या कारागिराकडे गेली, की तो तेच बोट आपल्या यंत्रावर जसेच्या तसे पुन्हा फिरवून पाहू शकतो. कळफलकाची नोंद घेताना मात्र कोणती अक्षरे दाबली हे तो हुकूम, मुद्दाम सांगितल्याखेरीज, झाकूनच ठेवतो. त्यामुळे बिघाडाची फिर्याद पाठवताना पासवर्ड उघडा पडण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.