पावसाने काचेला काय होतंय?

चर्चमधली रंगीत खिडकी लोक आतून पाहतात. ऊन, वारा, पावसाचा मारा मात्र ती बाहेरून सोसत असते. हा मारा चुकवण्यासाठी प्रेमापोटी केलेले उपायच कित्येकदा तिच्या मुळावर येतात. त्यामागे काही घट्ट रुजलेल्या समजुती आहेत.

गैरसमज: काच ती काच, तिला पाण्याचं काय भय?

वस्तुस्थिती: मध्ययुगीन युरोपातली बरीचशी काच वाळू आणि बीच वृक्षाची राख वितळवून केलेली असे. राखेमुळे तिच्यात पोटॅश भरपूर असायचं आणि सिलिका कमी. अशा काचेवर ओल रेंगाळली की आतलं पोटॅशियम आणि कॅल्शियम पाझरून बाहेर येतं. कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या वायूशी गाठ पडली की त्या कॅल्शियमचं जिप्सम होतं आणि काचेवर पांढुरका पोपडा धरतो. पोपडा ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखाली खड्डे पडत जातात. तिरप्या उजेडात असा तुकडा देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा दिसतो.

गैरसमज: खिडकी जितकी जुनी, तितकी नाजूक.

वस्तुस्थिती: वयापेक्षा घडण महत्त्वाची. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलची बाराव्या शतकातली निळी काच सोडायुक्त आहे, म्हणून ती आजही उत्तम टिकून आहे. उलट 1860 च्या दशकात ब्रिटनमधल्या काही कारखान्यांनी काचेवर चढवायचा रंग कमी तापमानाला भाजता यावा म्हणून त्यात टाकणखार मिसळला. तो रंग ओलाव्याला टिकेना. काही दशकांतच संतांचे डोळे, ओठ, बोटांच्या रेषा पुसट होऊ लागल्या.

गैरसमज: काच शतकानुशतकं हळूहळू खाली ओघळते, म्हणून जुन्या तावदानांची खालची कड जाड असते.

वस्तुस्थिती: जुन्या पद्धतीने फुंकून केलेली काच मुळातच एकसारख्या जाडीची नसे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एडगर झानोटो यांनी 1998 मध्ये गणित मांडून दाखवलं, की नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसण्याइतकी ओघळायला विश्वाचं वयही अपुरं पडेल.

थकतं ते शिसं. काचेचे तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवतात, फटीत जवसाच्या तेलातली लांबी भरतात आणि तयार चौकट तांब्याच्या तारांनी आडव्या गजांना बांधतात. शंभरेक वर्षांत लांबीचा भुगा होतो, तारा तुटतात आणि वाऱ्याच्या दाबाने खिडकीला पोट सुटतं. गज लोखंडी असतील तर गंजून फुगतात आणि भोवतीचा दगड फोडतात. मुंबईतल्या कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 मध्ये उभं राहिलं, तेव्हा त्याच्या रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या न्यूकॅसलमधल्या कारखान्यातून आल्या होत्या. मुंबईसारख्या ठिकाणी खारा वारा आणि आडवा पाऊस दोन्ही असल्याने लोखंडाकडे लक्ष ठेवणं काचेइतकंच गरजेचं ठरतं. लांबी झडली की फटीत सिलिकॉन भरून मोकळं होण्याचा मोह होतो. पण त्याने आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं, आणि पुढे ते सिलिकॉन खरवडताना काचेचे टवके उडतात.

गैरसमज: बाहेरून पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा ठोकला की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या अनेक चर्चनी पॉलिकार्बोनेटचे पत्रे असेच लावले. काही वर्षांत ते पिवळे, धुरकट पडले. त्याहून मोठं नुकसान नजरेआड होतं: हवा खेळायला वाट नसल्याने मधल्या पोकळीत उन्हाने भट्टी पेटते आणि गारठ्यात काचेवर दव साचतं. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, अक्षरं हे रंगकाम बहुतेक वेळा काचेच्या आतल्या अंगाला असतं. त्यामुळे पाऊस अडला, तरी दवाने रंग सुटू शकतो.

यावरचा पक्का उपाय इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलमध्ये पाहायला मिळतो. तिथली पूर्वेची महाखिडकी जॉन थॉर्नटन यांनी 1405 ते 1408 या काळात घडवली. तिचे 311 भाग उतरवून दुरुस्त करण्याचं काम 2018 मध्ये पूर्ण झालं. आता दगडी खोबणीत अतिनील किरण रोखणारी नवी काच आहे आणि मूळ काच तिच्या थोडी आत, स्वतंत्र चौकटीत उभी आहे. मधल्या फटीत चर्चच्या आतली हवा खेळती राहते, म्हणून जुन्या काचेच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारखंच तापमान राहतं. दव धरलंच तर ते नव्या काचेवर.

गैरसमज: पावसाळा सरला की साबण-ब्रशने घासून काढावं.

वस्तुस्थिती: काचेवरचं रंगकाम म्हणजे धातूची भस्मं आणि काचेची पूड भाजून बसवलेला पातळ थर. तो सुटायला आला असेल तर एका फटकाऱ्यात जातो, आणि गेलेला चेहरा परत आणता येत नाही. संवर्धक आधी भिंगाखाली थर तपासतात, मग क्षारविरहित पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने इंच-इंच पुसतात.

चर्चच्या व्यवस्थापकांना करता येण्याजोगी कामं वेगळी आणि बिनखर्चाची आहेत. मृगाआधी छपराच्या पन्हळी उपसाव्यात, खिडकीच्या पायथ्याशी दवाचं पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकं मोकळी करावीत, दगडाच्या सांध्यांत रुजलेली पिंपळाची रोपटी वेळीच काढावीत. दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच कोनातून खिडकीचे फोटो काढून तारीख घालून ठेवले, तर पोट किती सुटलं, कुठला गज गंजला, हे संवर्धकाला पहिल्याच भेटीत कळतं.