संशोधनासाठी एस.टी.चं भाडं

कॉलेजचं अनुदान म्हटलं की आपल्यासमोर इमारत येते, शिक्षकांचे पगार येतात, फार तर प्रयोगशाळेतली यंत्रं येतात. पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एखाद्या मुलीला एक प्रश्न पडला आणि त्याचा शोध घेण्यासाठी कॉलेजनं तिच्या हातात पाच हजार रुपये ठेवले, तर तेही अनुदानच. आज बोलायचं आहे ते या लहानशा अनुदानाविषयी.

मी बी.ए. झालो तेव्हा संशोधन हा शब्द एम.ए.च्या पलीकडचा होता. पदवीच्या मुलांनी आधी सगळं शिकून घ्यावं, प्रश्न नंतर विचारावेत, अशी रीत. ती काही फक्त आपल्याकडची नव्हती. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत भाषण करताना या रीतीलाच हात घातला. विद्यार्थी संस्थेत आला की लगेच त्याला स्वतःचं संशोधन मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षांनी, १९६९ मध्ये, तिथल्याच मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेनं ते प्रत्यक्षात आणलं. पदवीचा विद्यार्थी प्राध्यापकांच्या चालू कामात सहभागी होणार आणि त्याबद्दल त्याला मानधन किंवा अभ्यासाचे गुण मिळणार, अशी ती व्यवस्था. ती आजही चालू आहे.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांसाठी १९९९ मध्ये ‘किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना’ आली; ती २०२२ मध्ये बंद झाली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००८ मध्ये ‘स्टार कॉलेज’ योजना सुरू केली. त्यातून महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांना प्रयोगांसाठी आणि मुलांच्या प्रकल्पांसाठी पैसा मिळतो. चांगलंच आहे. पण हा सगळा ओघ विज्ञानाकडे. राज्यातल्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेत भाषा आणि मानव्यविद्यांनाही जागा आहे, पदवीच्या मुलांचा वेगळा गट आहे. पण स्पर्धा म्हणजे झालेलं काम मांडायची जागा. ते काम होण्यासाठी लागणारा खर्च कुणी करायचा?

तो कॉलेज करू शकतं. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, संस्थेच्या निधीतून दरवर्षी दहा-पंधरा मुलांना थोडी थोडी रक्कम द्यायची. मुलानं दोन पानांचा प्रस्ताव लिहायचा : प्रश्न काय, उत्तर कुठे शोधणार, किती दिवस लागतील, खर्च किती. मार्गदर्शक शिक्षकाची सही घ्यायची. दोन-तीन प्राध्यापकांची समिती मुलाला समोर बसवून चार प्रश्न विचारते आणि मंजुरी देते. माझ्या मते ही दोन पानं फार मोलाची आहेत. नेमकं काय शोधायचं आहे हे लिहायला बसलं की निम्मा अभ्यास तिथेच होतो.

पाच हजारांत काय होतं, असं विचारणारे भेटतात. हिशेब करून पाहू. समजा, मराठवाड्यातल्या एका मुलीला आपल्या भागातल्या मुसलमान बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत मुसलमान बायकांनी गायलेल्या मराठी ओव्याही आहेत. तेव्हा विषय लहान नाही. या मुलीला आठ खेपा कराव्या लागतील. एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण फाट्यापासून पुढे काळी-पिवळी. घरचे एकटीला पाठवणार नाहीत, म्हणजे भावाचंही भाडं आलं. आवाज मोबाइलवर टिपता येईल, तरी एक साधा माइक हवा. झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग. आणि म्हातारीच्या घरी जायचं तर हातात साखर-चहापत्तीचा पुडा हवा. रिकाम्या हातानं जाऊन ओवी मागणं बरं दिसत नाही. पाच हजारांत हे सगळं बसतं.

घोडं अडतं ते पैसे देण्याच्या पद्धतीपाशी. बऱ्याच ठिकाणी ‘आधी खर्च करा, मग बिलं जोडा’ असा नियम असतो. ज्या मुलाच्या घरी पाच हजार बाजूला पडलेले आहेत, तोच आधी खर्च करू शकतो. शेतमजुराची मुलगी प्रस्ताव लिहायच्या आधीच मागे फिरते. मग अनुदान जातं ते त्याच्यावाचून ज्याचं अडलं नसतं त्याच्याकडे. दुसरी अडचण पावत्यांची. काळी-पिवळीवाला तिकीट फाडत नाही, साखरेचा पुडा देणारा वाणी बिल देत नाही. तिसरी वेळेची. मंजुरी दिवाळीनंतर, पैसे फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर. मुलं मग घाईघाईत इंटरनेटवरून चार पानं उतरवतात आणि मुलांना संशोधन जमत नाही असं आपणच म्हणतो.

यावर उपाय कठीण नाहीत. निम्मी रक्कम जुलैतच आगाऊ द्यावी, उरलेली अर्धं काम पाहून. लहान खर्चाला मुलाच्या सहीचं आणि शिक्षकाच्या प्रतिस्वाक्षरीचं व्हाउचर चालावं. आठशे रुपयांच्या प्रवासाला सरकारी टेंडरचे नियम लावायची गरज नाही.

हे आत्ताच बोलण्याचं कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं चार वर्षांची पदवी आणली आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट काढली. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. गुणांच्या क्रमानं प्रश्न पडत नाहीत, असं मला वाटतं. साठ टक्क्यांची ती ओव्यांवाली मुलगी या दारातून आत येणार नाही. तिच्यासाठी कॉलेजची ही छोटी रक्कमच उरते, म्हणून ती गुणपत्रिका न पाहता दिली जावी.

आणि काम पुरं झाल्यावर बाइंडिंगच्या दोन प्रती काढाव्यात. एक कॉलेजच्या ग्रंथालयात, नोंद-क्रमांक घालून. दुसरी त्या गावात, जिनं ओव्या सांगितल्या तिच्या घरी. तिला वाचता येत नसलं, तरी तिची नात वाचून दाखवील.