बुश क्रिकेट, आफ्रिकी : नव्या जातीचे वर्णन

ऑर्थॉप्टेरा गणाच्या टेटिगोनिइडी कुलातील कीटकांना बुश क्रिकेट म्हणतात. दिसण्यात ते नाकतोड्यासारखे असले, तरी त्यांचे नाते रातकिड्यांशी अधिक जवळचे आहे. केसासारख्या बारीक व बहुधा शरीराहून लांब शृंगिका, पुढच्या पायांच्या नडग्यांत असलेली श्रवणेंद्रिये व मादीचे तलवारीसारखे अंडनिक्षेपक अंग ही त्यांची ठळक लक्षणे होत. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून गातो. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूस सूक्ष्म दात्यांची कानस असते व ती उजव्या पंखाच्या कडेवर घासली जाते. रातकिड्यात उलट उजवा पंख वर असतो.

एखादी जाती नवी आहे असे म्हणणे व तिचे वर्णन करणे या भिन्न गोष्टी आहेत. प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनीअस यांच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या 1758 मधील दहाव्या आवृत्तीपासून ग्राह्य धरतात. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार 1930 नंतरच्या वर्णनात नवी जाती इतरांहून कशी वेगळी हे शब्दांत सांगावे लागते. 2000 सालापासून नाव ज्याच्याशी बांधले जाते तो नमुना स्पष्टपणे ठरविणे व तो कोणत्या संग्रहात ठेवला हे नमूद करणेही आवश्यक आहे. तो एकच असेल, तर त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे मतभेद झाल्यास निर्णय वर्णनातील शब्दांवरून नव्हे, तर या नमुन्यावरून होतो. नावाला नवशोधकाने स्वतःचे नाव देणे नियमबाह्य नाही. पण ते अप्रशस्त मानतात.

खरी अडचण हाती आलेला कीटक जुन्याच एखाद्या जातीचा नाही हे सिद्ध करण्यात असते. आफ्रिकेतील अनेक बुश क्रिकेटांची वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात बसून झाली. व्हिएन्नाचे ब्रूनर फोन व्हाटनव्हील यांनी 1878 मध्ये फॅनेरोप्टेरिडांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बर्लिनचे फेर्डिनांट कार्श यांनीही अनेक आफ्रिकी जातींना नावे दिली. त्यामुळे मूळ नमुने तेथील संग्रहालयांत आहेत व आफ्रिकी अभ्यासकाला ते पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो किंवा छायाचित्रांवर भागवावे लागते. अशा जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर पुष्कळदा नुसते वसाहतीचे नाव असते. डोंगर, उंची वा झाड यांचा पत्ता नसतो. वाळताना हिरवा रंग पिवळट वा तपकिरी होतो. गाणे तर नमुन्याबरोबरच मेलेले असते. म्हणून मूळ स्थळ ठाऊक असेल, तर तेथे पुन्हा जाऊन जिवंत नर पकडणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

वर्णनात मापे, रंग, अग्रवक्षाच्या ढालीचा आकार, पंखांच्या शिरा इ. गोष्टी येतातच, परंतु निर्णायक लक्षणे बहुधा नराच्या उदराच्या टोकाशी असतात. तेथील पुच्छिका समागमाच्या वेळी मादीला धरण्यास उपयोगी पडतात व त्यांचा बाक, काटे व टोके जातीगणिक बदलतात. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतील ॲमिटा प्रजातीचे नाजूक कीटक वरवर सारखेच दिसतात. नराच्या पुच्छिका पाहिल्यावरच त्यांचे भेद उलगडतात. एकटी मादी किंवा पिलू हाती आले, तर शहाण्याने नाव देण्याची घाई करू नये. कानशीवरील दाते मोजतात व गाण्याचे ध्वनिमुद्रण करतात. पुष्कळ जातींचे गाणे सेकंदाला 20,000 कंपनांच्या वर, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेबाहेर असते. त्यासाठी स्वनातीत ध्वनी टिपणारे उपकरण लागते. गाण्याची लय तापमानानुसार बदलत असल्याने ध्वनिमुद्रणाच्या वेळचे तापमान न नोंदविल्यास तुलना फसते. अलीकडे गुणसूत्रे व डीएनए यांचाही आधार घेतात.

टांझानियातील किलिमांजारो पर्वतावर (उंची 5,895 मी.) हे काम विशेष झाले आहे. स्वीडनचे इंग्व्हे श्योस्टेट यांनी 1905–06 मध्ये तेथे मोहीम नेली व 1909 मध्ये माँटिकोलॅरिया किलिमांजारिका  ही जाती वर्णिली. त्याच पर्वतावरील जंगलातून जर्मन कीटकशास्त्रज्ञ क्लाउडिया हेम्प यांनी 2001 मध्ये एरोटेग्मिना किलिमांजारिका  ही नव्या प्रजातीतील जाती प्रसिद्ध केली. हिच्या नराचे पुढचे पंख फुग्यासारखे फुगलेले असतात व प्रजातीचे नावही त्यावरूनच पडले आहे. दोन्ही जातिनावे एकच असूनही घोटाळा होत नाही, कारण प्रजाती वेगळ्या आहेत. शतकभर अभ्यासिलेल्या पर्वतावर एवढा लक्षवेधी कीटक अवर्णित राहिला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नाव चुकले की माहितीही चुकते. युगांडात ‘न्सेनेने’ या नावाने आवडीने खाल्ला जाणारा व पावसाळ्यात थव्यांनी येणारा कीटक आता रुस्पोलिया डिफरन्स  म्हणून ओळखला जातो. जुन्या लिखाणात तो होमोरोकोरिफस निटिड्यूलस  या नावाखाली आढळतो. त्यामुळे त्याच्या थव्यांविषयीच्या नोंदी दोन्ही नावांखाली धुंडाळाव्या लागतात. या प्रजातीतील दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढण्यास गाण्यांचा मोठा उपयोग झाला. याउलट बोट्स्वाना व नामिबिया येथे ज्वारी-बाजरीच्या कणसांवर पडणारा पंखहीन दिसणारा ॲकँथोप्लस डिस्कॉइडॅलिस  काटेरी ढालीमुळे शेतकऱ्यालाही सहज ओळखू येतो. डोंगरी जंगलांतील कित्येक जाती मात्र एकाच पर्वतापुरत्या मर्यादित असतात. पायथ्याकडून शेती वर सरकत गेली, की त्यांचा अधिवास आकसतो. आणि नाव नसलेल्या जातीची नोंद संरक्षणाच्या यादीत सहसा होत नाही.